म्हशीच्या किमतीतली एमबीए

दूध आटवून खवा काढला की कढईच्या बुडाला खरवड उरते. ती वजनात धरत नाहीत, बाजारात विकत नाहीत. पण भट्टीवरच्या कुणालाही विचारा, खायला सगळ्यांत आधी हात तिच्याकडंच जातो! किश्श्यांचंही असंच आहे. आमच्या संघात रोज दूध येतं, खवा जातो, हिशेब मिटतो आणि बुडाला काहीतरी चिकटून राहतंच. माझं शिक्षण दहावीला थांबलं, पण रोज चार ओळी लिहायची सवय काही थांबली नाही. त्यामुळं ही खरवड माझ्याकडं भरपूर साठली आहे. आज तिच्यातली एकाच कढईतली काढतो. आमच्या पुष्पाताईंच्या एमबीएची.

संघ म्हणजे भूमच्या बाजूचा आमचा लहानसा दूध-खवा संघ. मी भांडारपाल. डबे, कापड, बारदाना माझ्या ताब्यात. अक्षर बरं म्हणून मीटिंगचं प्रोसिडिंगही मीच लिहितो. म्हणून तर शेवटचा किस्सा मला पहिल्या रांगेतून बघायला मिळाला.

*

सुरुवात झाली ती आप्पांमुळं. आप्पा म्हणजे आमचे चेअरमन. सत्तरी कधीच ओलांडलेली, धोतर, खांद्यावर टॉवेल, मोठी शेती. संघात त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

एकदा आप्पा सोलापूरकडची एक मोठी डेअरी बघून आले. तिथल्या मॅनेजरच्या दारावर नावापुढं ‘एमबीए’ लिहिलेलं होतं. ते आप्पांच्या मनात बसलं. आमचे मॅनेजर देशमुखसाहेब दोन-अडीच वर्षांनी रिटायर होणार होते. आप्पांनी पुढच्याच मीटिंगला जाहीर केलं, "आपला नवा मॅनेजर एमबीए पाहिजे. भाऊ, ठराव लिव्हा!"

एका संचालकानं भीत भीत विचारलं, "आप्पा, एमबीए म्हंजी नेमकं काय असतं?"

आप्पा म्हणाले, "ते त्यो आल्यावर सांगंल की!"

ठराव एकमतानं मंजूर झाला.

माझ्या समोरच्या टेबलाला तेव्हा पुष्पाताई बसलेल्या होत्या. पुष्पाताई गायकवाड, आमच्या हिशेबनीस. भीमनगरातलं घर, वडील एसटीत कंडक्टर होते, स्वतः बी.कॉम. देशमुखसाहेबांची निम्मी कामं ताईच करायच्या हे साहेबसुद्धा मान्य करत. त्यांच्या आधीच्या दोन साहेबांनाही संघ म्हणजे काय ते ताईंनीच शिकवलं होतं. आता बाहेरून एमबीए येणार, म्हणजे ताईंनी तिसऱ्यांदा शिकवणी घ्यायची आणि सही मात्र त्यानं करायची.

मीटिंग संपल्यावर ताई म्हणाल्या, "भाऊ, ठराव परत वाचा."

मी वाचला.

"एमबीए कुठनं केलेली पाहिजे, आसं लिव्हलंय का ह्याच्यात?"

"न्हाय, ताई."

"बास!" ताई म्हणाल्या आणि पुढचं व्हाउचर ओढलं.

*

ताईंनी शोधाशोध सुरू केली. पुण्याला जाऊन शिकायचं तर अख्खा गोठा विकावा लागेल, असे आकडे होते. ऑनलाइनमध्ये एक परवडण्यासारखी सापडली. तिची फी म्हणजे बरोबर एका चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत! आणि योगायोग असा, की ताईंच्या मिस्टरांनी म्हशीसाठीच पैसे बाजूला ठेवले होते. सुभाषराव एसटी डेपोत मेकॅनिक. अतिशय कमी बोलणारा माणूस.

घरात तिसरं माणूस म्हणजे ताईंच्या सासूबाई. मूळच्या माकणीच्या, धरणाकाठच्या. त्यांना आम्ही सगळेच आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंनी सरळ विचारलं, "म्हैस सकाळ-संध्याकाळ दूध देती. तुजी एमबीए काय देती?"

"म्हैस आटती, आत्या."

"मग एमबीए आटत न्हाय व्हय?"

सुभाषराव जेवता जेवता म्हणाले, "म्हशीला चारा, हिला नेट. दोन्ही मलाच आणायचंय. एमबीएच घेऊन टाका."

झालं! त्या दिवसापासून संघात त्या कोर्सचं नाव ‘म्हैस’ पडलं. लेक्चर अडकलं की, "ताई, म्हैस पान्हा चोरायली वाटतं!" असाइनमेंटला मार्क पडले की, "आज किती लिटर?"

आमच्याकडं खवा परखायला दादाराव आहेत. तळहातावर खवा चोळून तो कुठल्या भट्टीचा ते सांगतात. पूर्वी बैलबाजारात दलाल होते. त्यांनी ताईंना गंभीरपणे बजावलं, "स्वस्त जनावर घेताना दात बघायचे. तुमच्या म्हशीचे दात बघितले का?"

ताईंनी खरंच बघितले. सरकारी मान्यतेच्या यादीत नाव तपासलं. तिथनंच शिकून बाहेर पडलेल्या दोघांचे फोन नंबर मिळवून त्यांच्याशी बोलल्या. एक म्हणाला, डिग्री मिळाली पण काहीच बदललं नाही. दुसरी म्हणाली, मला बढती मिळाली.

दादाराव ऐकून म्हणाले, "एक भाकड, एक दुभती. म्हंजी जात बरी हाय. पुढं चारणाऱ्याचा हात!"

*

अ‍ॅडमिशन व्हायच्या आधी एक काउन्सेलर ताईंना रोज फोन करायचा. गोड आवाजाचा मुलगा. रोज सांगायचा, "मॅडम, आज लास्ट डेट आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मॅडम, खास तुमच्यासाठी एक दिवस वाढवून घेतलाय."

एकदा ताई भट्टीकडं गेल्या होत्या आणि फोन टेबलावर वाजत राहिला. दादारावांनी उचलला. तिकडनं सुरू झालं, "सर, ही संधी पुन्हा येणार नाही, शेवटच्या दोनच सीट..."

दादाराव म्हणाले, "बाळा, तू कुठला?"

"सर, मी नोएडाहून बोलतोय."

"तिकडं खवा मिळतो का चांगला?"

मुलगा गोंधळला. म्हणाला, मिळतो, पण भेसळीचा फार. मग काय! दादारावांनी त्याला म्हशीच्या दुधाचा खवा, त्याचा दाणा, त्याचं तूप, गुलाबजाम कसा फुगतो, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "पण आज लास्ट डेट हाय. गाडी आजच निघायलीय. दोनच डबे राहिलेत."

मुलानं ऑर्डर दिली! पॅकिंग मीच केलं.

ताईंना कळल्यावर त्या कपाळावर हात मारून घेणार होत्या, तेवढ्यात पुन्हा त्याचाच फोन आला. "मॅडम, तुमच्या त्या सरांनी कुठून एमबीए केलंय?"

*

संध्याकाळी सातला ऑनलाइन वर्ग असायचा. ताईंनी लॅपटॉप स्वयंपाकघराशेजारी मांडलेला. पहिल्या दिवशी सर पडद्यावर आले, तशा आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, चहा केला. एक कप ताईंना आणि एक कप लॅपटॉपपुढं.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "आत्या, सर लांब हायेत. त्यांना पोचत न्हाय."

"मला कळतंय. एवढी येडी न्हाय म्या," आत्याबाई म्हणाल्या. "पण घरात आलेल्या माणसासमोर तू एकटीच चहा प्यायलीस तर बरं दिसंल का?"

रोज सात वाजता सरांचा कप निघायचा. सर शिकवून जायचे आणि चहा तसाच राहायचा. तो ओतून देणं ताईंच्या जिवावर यायचं. मग तोही ताईच प्यायच्या.

कोर्स संपेपर्यंत ताईंना एका वेळी दोन कपांची सवय जडली ती आजतागायत. ऑफिसात चहा सांगताना आम्ही माणसं मोजतो आणि एक कप वाढवून सांगतो. "एक सरांचा!"

*

दुसऱ्या वर्षी ‘वाटाघाटी’ नावाचा विषय आला. त्यात एक प्रात्यक्षिक होतं. एकानं विकणारा व्हायचं, दुसऱ्यानं घेणारा आणि सरांनी बघायचं. ताईंच्या वाट्याला इंदूरचा एक मुलगा आला होता.

ताईंनी तयारीसाठी दादारावांना गाठलं. बैलबाजारातल्या सौद्यांत त्यांची हयात गेलेली. दादारावांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात ओढून त्याखाली घेतला आणि ताईंना बोटांची भाषा दाखवली. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पुढं शेकडा की हजार ते जनावर बघून समजायचं. तोंडानं आकडा काढायचा नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना कळला पाहिजे.

ताईंनी ते लगेच उचललं. माझ्यावर तीन-चार सौदे करून बघितले. तिन्ही-चारी वेळा मीच बुडालो!

दादाराव खूश झाले, पण म्हणाले, "ताई, ध्यानात ठिवा, पण बाजारात बाईमाणूस ह्याच्यात हात घालत न्हाय. शेळी बाईची आसली तरी टॉवेलाखाली हात नवऱ्याचा."

"आन् पैसे?"

"तेबी नवऱ्याच्याच खिशात!"

प्रात्यक्षिकाच्या दिवशी घरी लाइट नव्हती म्हणून ताईंनी लॅपटॉप ऑफिसात मांडला. धीर द्यायला दादाराव बाजूला बसले. सर आले. इंदूरचा मुलगा आला. नमस्कार-चमत्कार झाले आणि त्या मुलानं पहिल्याच वाक्यात किंमत मोठ्यानं सांगून टाकली.

"आरं आरं आरं!" दादाराव ओरडले. "आकडा तोंडानं बोलायलाय की ह्यो!" आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी सपकन लॅपटॉपवर टाकला.

आतून सरांचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही दिसत नाही आहात!"

दादाराव टॉवेलाजवळ वाकून म्हणाले, "सौदा दिसायचा नसतो, सर!"

ताईंचे मार्क कापले गेले. शेरा आला: ‘सहभाग अपुरा’. तो शेरा ताईंना नाही, आपल्यालाच दिलाय असं समजून दादाराव आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

*

मग प्रोजेक्ट. ताईंनी विषय घेतला आमच्याच दुखण्याचा. उन्हाळ्यात आमचा खवा हैदराबादकडच्या व्यापाऱ्यांकडून परत यायचा. आंबूस लागतो म्हणायचे. असं का होतं, ते ताई शोधू लागल्या. माझ्या भांडारात येऊन डब्यांची मापं घेतली. गाडी भरायची वेळ बघितली. भट्टीवर तासन् तास उभ्या राहिल्या.

त्यातच एक भाग होता दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांचा. ‘संघाबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच.’ ताईंनी सकाळी काट्यापाशी उभं राहून एकेकाला विचारायला सुरुवात केली.

पहिला शेतकरी म्हणाला, "एक ते पाच म्हंजी?"

ताईंनी समजावलं, "आसं समजा, पैसेवारीला रुपयात पीक किती पैसे आलंय सांगतो ना आपण, तसं. संघ किती पैसे?"

हे मात्र सगळ्यांना झटकन कळलं. "चाळीस पैसे!" पुढचा, "पंचेचाळीस." त्याच्या मागचा, "लिव्हा, अठ्ठेचाळीस." संपूर्ण सकाळ गेली, पण एकही माणूस पन्नासच्या वर जाईना!

ताईंचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांचा संघ आणि लोक इतके नाराज? पलीकडून प्रोजेक्टच्या सरांनीही विचारलं, "एवढं असमाधान आहे, तर एकही शेतकरी दुसरीकडं का जात नाही?"

ताईंनी दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या शेतकऱ्याला बाजूला घेतलं. "काका, खरं सांगा. आमचं काय चुकतं?"

"कायबी न्हाय, ताई. झ्याक चाललंय."

"मग चाळीस पैसे का सांगितले?"

काकांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, तुमी शिकलेल्या, तुमाला ठाव न्हाय? पन्नास पैशाच्या वर कधी सांगायचं नसतंय. वर सांगितलं की दुष्काळ जाहीर होत न्हाय, मग कायबी मिळत न्हाय!"

*

ऑनलाइन परीक्षेला कॅमेरा चालू ठेवावा लागतो. खोलीत दुसरं कुणी असायला नको. सुरुवातीला लॅपटॉप चहूकडं फिरवून भिंतीसुद्धा दाखवाव्या लागतात. देखरेख करणारी एक बाई कुठूनतरी लांबून बघत असते.

शेवटच्या सत्राचा पहिलाच पेपर, आणि हा भिंती दाखवायचा नियमही तेव्हाच नवा आलेला. ताईंनी लॅपटॉप फिरवला आणि मशीन टणटणलं. पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे. पुरुष."

ताई घाबरल्या. मागं वळून बघितलं, तर भिंतीवर मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा फोटो! चांगला मोठा, समोर बघणारा, फेटा बांधलेला. मशीनला तो जिवंत वाटला.

"कृपया त्यांना बाहेर जायला सांगा, नाहीतर पेपर सुरू करता येणार नाही."

दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंना राहवलं नाही. "बाई, त्यांना जाऊन लई वर्सं झाली!"

मग ती बाई आपल्या नियमाला धरून म्हणाली, "तरी पण ते उत्तरं सांगू शकतात असं सिस्टिम म्हणतेय."

"जित्तेपणी मला एका गोष्टीचं उत्तर दिलं न्हाय त्यांनी," आत्याबाई म्हणाल्या, "हिला काय देत्यात!"

फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवूया, असं ताईंनी सुचवलं. आत्याबाईंना ते चालेना. घरच्या माणसाला भिंतीकडं तोंड करून उभं करायचं, तो काय शाळेतला पोरगा आहे? शेवटी त्यांनी स्वतः फोटो उतरवला, पदरानं पुसला आणि मांडीवर घेऊन बाहेर ओट्यावर बसल्या. पेपर संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

गल्लीतून जाणाऱ्यानं विचारलं, "आत्याबाई, मामांना घिऊन बाहेर काय करायलाव?"

"सुनंचा पेपर हाय," त्या म्हणाल्या. "आमाला दोघांनाबी बाहेर काढलंय."

*

ताई पास झाल्या! पदवी ई-मेलवर आली. आत्याबाई म्हणाल्या, "म्हैस आली म्हणत्यात, पण दावं कुठं हाय? हातात काय धरायचं?"

मग आम्ही ठरवलं, काळा झगा आणि टोपी घालून ताईंचा फोटो काढायचा आणि तो फ्रेम करून आत्याबाईंना द्यायचा. मी आणि दादाराव ताईंना घेऊन बाजारपेठेतल्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला म्हणाला, "झगा हाय की! टोपीपन हाय."

त्यानं काढून दिलेला झगा ताईंच्या कोपरापर्यंतसुद्धा येईना. खाली गुडघ्याच्या वरच संपला. टोपी डोक्यावर वाटीसारखी बसली.

दादाराव म्हणाले, "आरं, ह्याच्यापेक्षा मोठा न्हाय का?"

स्टुडिओवाला म्हणाला, "काका, हे इंग्लिश मीडियमच्या बालवाडीतल्या लेकरांचे हायेत. पहिलीत जाताना घालत्यात. त्याच्या वरची डिग्री इथं आजून कुणी मागितली न्हाय!"

फोटो तरीही काढला. झग्याखालची साडी दिसू नये म्हणून ताईंना टेबलामागं बसवलं. आज तो फोटो त्यांच्या घरी मामंजींच्या शेजारी लावलेला आहे.

*

आता शेवटचं.

देशमुखसाहेब रिटायर झाले आणि मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत ठेवली. उमेदवार दोन. एक पुण्याचा मुलगा, मोठ्या कॉलेजची नियमित एमबीए केलेला, आणि दुसऱ्या पुष्पाताई.

पुण्याचा मुलगा चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही. बिचारा रेल्वेनं निघाला, बार्शीला उतरायचं ते झोप लागल्यामुळं येडशीला उतरला आणि तिथून दोन एसट्या बदलून आला. तरी हसतमुख. संचालकांना आवडला. आप्पांनी पगाराचं विचारल्यावर त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही द्याल ते, सर. एक-दोन वर्षांचा अनुभव मिळाला तरी चालेल."

आमच्याकडं रीतच ती आहे. पगाराचं विचारलं की खाली बघायचं आणि ‘तुम्ही द्याल ते’ म्हणायचं. मीही तेच म्हणालो होतो. अजून ते देतील तेच घेतोय!

मग ताई आत आल्या. टेबलावर नेहमीप्रमाणं त्या दिवशीच्या खव्याचं ताट होतं, वर पांढरं धुतलेलं कापड झाकलेलं. मीटिंगच्या आधी संचालक चव बघतात. दादाराव ताटाशेजारी उभे. मी कोपऱ्यात प्रोसिडिंग लिहीत.

आप्पांनी ताईंना इतकी वर्षं ‘पुष्पे’ म्हणूनच हाक मारलेली. म्हणाले, "बस, पुष्पे. दोन वर्सं दूध आटिवलंस. खवा किती निघाला त्ये सांग."

ताई म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यात हैदराबादचा माल परत आला का, आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. डबे लहान केले होते, गाडी दुपारऐवजी पहाटे भरत होतो. ताईंच्या प्रोजेक्टनंतर एकही डबा परत आला नव्हता.

"तेवढा निघाला," ताई म्हणाल्या.

एक संचालक खुर्चीत सरकले. "ते खरं हाय. पण त्या पुण्याच्या पोराची डिग्री म्हागाची. तुमची ही मोबाइलवरची, स्वस्तातली. संघाला शोभंल का?"

ताईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "आपला खवा बाजारात शेजारच्यापेक्षा स्वस्त जातो. म्हणून तो हलका हाय का? दादारावांना विचारा."

दादाराव हसू दाबत छताकडं बघू लागले. आप्पांच्या मिशा थोड्या हलल्या.

"बरं," आप्पा म्हणाले. "पगाराचं काय?"

ताई खाली बघतील म्हणून आम्ही सगळे वाट बघत राहिलो. मी तर पेन टेकवून ‘तुम्ही द्याल ते’ लिहायला घेतलंसुद्धा होतं.

ताईंनी खव्याच्या ताटावरचं पांढरं कापड उचललं. घडी मोडली. स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला, त्यावर ते कापड पसरलं आणि हात आप्पांच्या पुढं सरकवला.

दादाराव सरकत माझ्या कोपऱ्यात आले आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला. कापडाखालचा तो हात तसाच होता. हलत नव्हता, मागं जात नव्हता. ताई आप्पांकडं सरळ बघत होत्या. खाली नाही.

आप्पा कापडाकडं बघत राहिले. मग ताईंच्या तोंडाकडं. मग खिडकीबाहेर, जिथं दुधाच्या गाड्या उभ्या होत्या. एक संचालक बोलायला गेले, "आप्पा, आवं..."

आप्पांनी डाव्या हातानं त्यांना गप्प केलं. उजवा हात टॉवेलाला पुसला. बाही वर सारली. आणि कापडाखाली घातला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. कापड मधेच एकदा उचललं, एकदा दबलं. आप्पांच्या भुवया वर गेल्या. मग खाली आल्या. ताईंनी एकदा मान हलवली. नकाराची. कापड पुन्हा हललं. आप्पांनी ओठ मुडपले. मग ताईंनी पुन्हा मान हलवली. होकाराची.

हात बाहेर आले. आप्पांनी ते कापड स्वतः उचललं, झटकलं, नीट चार घड्या केल्या आणि ताटावर परत झाकलं.

मी पेन धरून विचारलं, "आप्पा, काय लिहू?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. दाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "चहा सांगा रं कुणीतरी! आन् सायबांना दोन कप!"